राजदंड आणि राजकोष

राजा सिंहासनावर असावा, राज्याचा प्रत्येक हुकूम त्याच्या नावाने निघावा, कायद्यावर त्याची संमती उमटावी, फौजेने त्याच्या नावाने शपथ घ्यावी, आणि तरीही राज्य मात्र त्याने करू नये, ही इंग्लंडातील व्यवस्था आता इतकी अंगवळणी पडलेली आहे, की ती कोणा शहाण्या राजनीतिज्ञाने एके दिवशी स्वस्थ बसून आखली असावी असे दुरून पाहणाऱ्यास सहज वाटते. वास्तविक ती कोणीच आखलेली नाही. सुमारे पाऊणशे वर्षांच्या कलहातून, एका दीर्घ यादवीतून, एका राजाच्या वधातून आणि दुसऱ्या राजाच्या पलायनातून ती घडत गेली. या सर्व काळात राजा आणि पार्लमेंट ज्या प्रश्नावरून पुनःपुन्हा समोरासमोर उभे ठाकले तो प्रश्न, धर्माचा आणि वारसाहक्काचा वाद कितीही तीव्र असला तरी, बुडाशी खजिन्याचा होता: प्रजेकडून पैसा कोणाच्या संमतीने घ्यावयाचा, आणि घेतलेला पैसा किती मुदतीसाठी राजाच्या हाती ठेवावयाचा. यांतील मुदतीचा भाग हा इतिहास सांगताना बहुधा मागे पडतो. मला तो संमतीच्या भागाहूनही महत्त्वाचा वाटतो.

जुन्या इंग्लंडात राजाने आपल्या खासगीच्या उत्पन्नावर, म्हणजे राजघराण्याच्या जमिनींचा सारा, सरंजामी हक्कांची येणी आणि न्यायालयांतील दंड यांवर, आपले घर व नित्याचा कारभार चालवावा असा संकेत होता. लढाई उभी राहिली, की हे उत्पन्न अपुरे पडे. मग सरदार, धर्माधिकारी आणि परगण्यांचे व नगरांचे प्रतिनिधी यांना पाचारण करून राजा त्यांच्याकडे मदत मागे. सर्वसंमतीवाचून पट्टी बसवू नये हे तत्त्व १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा नामक सनदेत सरदारांनी जॉन राजाकडून, आपल्यापुरते का होईना, वदवून घेतलेच होते. पुढे पार्लमेंट स्थिरावल्यावर असा प्रघात पडला, की राजाची मागणी आली म्हणजे प्रतिनिधींनी आधी आपली गाऱ्हाणी पुढे ठेवावीत, आणि त्यांचे काही निवारण झाल्यावर रक्कम मंजूर करावी. सोळाव्या शतकात वस्तूंचे भाव चढत गेले, जमिनींचा सारा मात्र पूर्वीच्याच दराने येत राहिला. एलिझाबेथ राणीने लढायांचा खर्च भागविण्यासाठी राजघराण्याच्या जमिनी विकल्या, आणि १६०३ साली स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला तेव्हा त्याच्या वाट्याला मोठे नाव, मोठा दरबार आणि आटत चाललेले उत्पन्न एवढे आले.

जेम्स हा विद्वान राजा होता, आणि त्याची विद्वत्ताच त्याला नडली असे म्हणता येईल. राजा हा पृथ्वीवरील ईश्वराचा प्रतिनिधी असून तो केवळ ईश्वरालाच जबाबदार आहे, हा सिद्धांत त्याने गादीवर येण्यापूर्वीच ग्रंथरूपाने मांडला होता. त्यापूर्वीच्या राजांनीही मनमानी केली होती, परंतु मनमानीचे शास्त्र करून ते पार्लमेंटला पढविण्याच्या भरीस ते पडले नव्हते. १६२१ साली युवराजाच्या स्पॅनिश विवाहासंबंधी आणि परराष्ट्रीय धोरणासंबंधी कॉमन्स सभेने बोलू नये, सभेचे हक्क हे राजाच्या कृपेचे दान आहे, असे त्याने बजावले; तेव्हा हे हक्क आपला पिढीजात वारसा आहेत असा निषेध सभेने आपल्या कामकाजाच्या वहीत नोंदविला, आणि राजाने ती वही मागवून घेऊन ते पान स्वहस्ते फाडून टाकले. पान फाडल्याने लेख नाहीसा झाला. तो लिहिणारी माणसे मात्र पुढच्या पार्लमेंटात पुन्हा निवडून आली.

त्याचा पुत्र चार्ल्स १६२५ साली राज्यावर बसला, आणि पहिल्याच बैठकीत मुदतीचा प्रश्न उघडपणे पुढे आला. आयात दारूच्या पिंपांवर आणि मालावर घ्यावयाची जकात प्रत्येक नव्या राजाला त्याच्या हयातीपर्यंत मंजूर करण्याची रीत फार जुनी होती. चार्ल्सला कॉमन्स सभेने ती केवळ एका वर्षापुरती देऊ केली. राजाला हा अपमान वाटला, आणि अपमान तो होताच; पण त्यात एक दूरदृष्टीही होती. ज्याच्या हाती आयुष्यभराचा वसूल आहे त्याला पार्लमेंट बोलाविण्याचे कारण उरत नाही, हे त्या सभेतील जमीनदारांना आणि वकिलांना नीट उमगले होते. चार्ल्सने जकात मंजुरीवाचूनच वसूल करणे चालू ठेवले. स्पेन आणि फ्रान्स या दोन्ही देशांशी युद्धे ओढवून घेतल्यावर श्रीमंतांकडून सक्तीचे कर्ज उकळले, आणि जे देईनात त्यांना कारण न दाखविता बंदीत टाकले. १६२८ साली वृद्ध सर एडवर्ड कोक याच्या पुढाकाराने पार्लमेंटने हक्कांचा अर्ज राजापुढे ठेवला. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर अथवा कर्ज नाही, कारण दाखविल्यावाचून कैद नाही, रयतेच्या घरी शिपायांचा तळ नाही, शांततेच्या काळी लष्करी कायदा नाही, अशी त्यातील चार कलमे होती. भाषा अर्जाची, नम्रतेची. आशय मात्र तहनाम्याचा. पैशाची निकड असल्यामुळे राजाने त्याला रुकार दिला, रक्कम पदरात पाडून घेतली आणि जकात पूर्ववत् चालू ठेवली.

पुढील वर्षी, २ मार्च १६२९ रोजी, कॉमन्स सभेत जो प्रसंग घडला तो या कलहातील सर्वांत अनावर प्रसंगांपैकी एक होय. राजाच्या आज्ञेवरून सभा तहकूब करण्यासाठी स्पीकर सर जॉन फिंच आसनावरून उठू लागला, तेव्हा डेन्झिल होलिस आणि व्हॅलेंटाइन या दोघा सभासदांनी त्याला दंडाला धरून आसनावर दाबून बसविले. दार आतून बंद करण्यात आले, आणि राजाचा दूत बाहेरून ठोठावीत असताना सर जॉन एलियटचे तीन ठराव सभेने आरोळ्यांच्या कल्लोळात मंजूर केले. पार्लमेंटने न दिलेली जकात जो घेईल, इतकेच नव्हे तर जो ती मुकाट्याने भरील, तोही राज्याचा शत्रू, असा त्यांचा मथितार्थ होता. एलियट लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला आणि १६३२ साली तेथेच वारला. मृतदेह स्वग्रामी नेण्याची परवानगी मुलाने मागितली, ती राजाने नाकारली. जेथे मेला त्याच भागातील चर्चमध्ये त्याला पुरावे, असा शेरा त्याने अर्जावर मारला. चार्ल्स हा खासगी आयुष्यात सुशील, कलासक्त आणि श्रद्धाळू मनुष्य होता असे सर्व साक्षी सांगतात, आणि ते खरेही असेल. परंतु एका मृत विरोधकाच्या देहाविषयीही ज्याला उदार होता आले नाही, त्याच्याशी तडजोड करणे लोकांना पुढे का अशक्य झाले, हे या शेऱ्यावरून कळते.

यानंतर अकरा वर्षे पार्लमेंट भरलेच नाही. जुनी दप्तरे धुंडाळून, शतकानुशतके कोणी न वापरलेले राजहक्क उकरून काढून चार्ल्सने पैसा उभा केला. त्यांतील सर्वांत फलदायी ठरली ती जहाजपट्टी. परचक्राच्या वेळी किनाऱ्यावरील परगण्यांनी राजाला जहाजे, अथवा त्यांच्या मोबदल्यात पैसा द्यावा, अशी जुनी वहिवाट होती. १६३४ साली राजाने ती बंदरांवर लादली. १६३५ साली, ज्यांना समुद्राचे दर्शनही नाही अशा अंतर्भागातील परगण्यांवरही. आणि पुढे दरसाल. पट्टी तशी भारी नव्हती, वाटणीही बऱ्याच अंशी न्याय्य होती, आणि जमलेला पैसा बव्हंशी आरमारावरच खर्च झाला. म्हणूनच तिच्याविरुद्धचा लढा केवळ तत्त्वाचा होता असे निश्चयाने म्हणता येते. बकिंगहॅमशायरमधील जॉन हॅम्पडन या सधन जमीनदाराने आपल्या जमिनीवरील अवघे वीस शिलिंग भरण्याचे नाकारले, आणि कज्जा बाराही न्यायाधीशांपुढे गेला. संकट आहे की नाही हे ठरविणारा राजाच असेल, आणि संकटसमयी संमतीवाचून पैसा घेण्याचा त्याला अधिकार असेल, तर रयतेची मालमत्ता ती कोणती, हा हॅम्पडनच्या बाजूचा प्रश्न होता. १६३८ साली निकाल राजाच्या बाजूने लागला, पण सात विरुद्ध पाच अशा मतांनी. राजाच्या मर्जीने नेमलेल्या आणि मर्जी फिरताच दूर होऊ शकणाऱ्या बारा न्यायाधीशांपैकी पाच जण विरुद्ध गेले, याचा अर्थ देशाने ओळखला, आणि १६३९ साली पट्टीचा वसूल ढासळला.

तेवढ्यात स्कॉटलंड पेटले होते. तेथील लोकांवर इंग्लिश धर्तीची प्रार्थनापोथी लादण्याचा प्रयत्न राजाने केला, आणि स्कॉट लोक शस्त्र घेऊन उठले. पट्ट्यांच्या जोरावर शांततेचा कारभार रेटता येत होता. युद्ध रेटता येईना. १६४० च्या वसंतात बोलाविलेले पार्लमेंट तीन आठवड्यांत बरखास्त झाले; नोव्हेंबरात बोलाविलेले मात्र स्वतःच्या संमतीवाचून बरखास्त होणार नाही असा कायदाच करून बसले. जॉन पिमच्या नेतृत्वाखाली या पार्लमेंटने राजाचा प्रबळ मंत्री स्ट्रॅफर्ड याला वधस्तंभावर पाठविले, जहाजपट्टी बेकायदा ठरविली आणि स्टार चेंबर हे जुलमी न्यायालय मोडले. चार्ल्स तेथेच थांबता तर कदाचित त्याच्या हयातीतच नियंत्रित राजसत्तेचा पाया घातला गेला असता. परंतु ४ जानेवारी १६४२ रोजी पिम, हॅम्पडन आदी पाच सभासदांना पकडण्यासाठी तो शस्त्रधारी लोकांसह स्वतः कॉमन्स सभेत शिरला. ते पाचही जण आधीच नदीमार्गे शहरात निसटले होते. ते कोठे आहेत असे राजाने विचारले, तेव्हा स्पीकर लेंथॉल याने गुडघे टेकून उत्तर दिले, की सभा आज्ञा करील तेवढेच पाहण्याला आपल्याला डोळे आहेत आणि तेवढेच बोलण्याला जीभ. तेरा वर्षांपूर्वी याच आसनावरील मनुष्य राजाची आज्ञा पाळता येईना म्हणून रडकुंडीला आला होता; आता त्याच आसनाने आपला धनी बदलला होता. त्या दिवसानंतर इंग्लंडच्या कोणत्याही राजाने कॉमन्स सभेत पाऊल ठेवलेले नाही.

युद्धाची हकीकत येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. १६४५ साली नेझबीच्या रणांगणावर पार्लमेंटच्या नव्या फौजेने राजपक्षाचा कणा मोडला. हरलेला चार्ल्स एकाशी तह बोलत असता दुसऱ्याशी कारस्थान करीत राहिला, आणि अखेर फौजेचा धीर सुटला. तडजोड इच्छिणाऱ्या सभासदांना डिसेंबर १६४८ मध्ये शिपायांनी दारातूनच हुसकून लावले. उरलेल्यांनी विशेष न्यायासन स्थापिले. आणि ३० जानेवारी १६४९ रोजी, बापाच्या स्वर्गारोहणाचे जे भव्य चित्र रूबेन्सकडून चार्ल्सने स्वतः काढवून घेतले होते त्याच छताखालून त्याला चालवीत नेऊन, व्हाइटहॉलच्या मेजवानी-मंदिराबाहेर त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

सामान्य समजुतीप्रमाणे येथे पार्लमेंटचा विजय झाला. माझ्या मते येथे त्याचा पराभव झाला. युद्ध चालविण्यासाठी पार्लमेंटने जहाजपट्टीच्या कित्येक पट कर प्रजेवर बसविले होते, बिअरपासून अनेक नित्याच्या जिनसांवर अबकारी आकार सुरू केला होता. आणि तो सर्व पैसा ज्या फौजेवर खर्च होई, ती फौजच आता धनीण झाली. एप्रिल १६५३ मध्ये त्या फौजेचा सेनापती क्रॉम्वेल बंदूकधारी शिपाई घेऊन सभागृहात शिरला, सभासदांना बाहेर काढले, आणि स्पीकरच्या अधिकाराचे चिन्ह असलेला दंड खेळणे म्हणून उचलून नेण्यास सांगितले. चार्ल्सला जे पाच जण सापडले नाहीत, त्यांच्या ठिकाणी क्रॉम्वेलला संपूर्ण सभा सापडली. तो पराक्रमी होता, आपल्या परीने धर्मनिष्ठ होता, देऊ केलेला मुकुट त्याने नाकारलाही. आयर्लंडात द्रोहेडा येथे त्याने केलेली कत्तल मात्र त्या देशाने अद्याप विसरलेली नाही. आपल्या पार्लमेंटांशी त्याचेही पटले नाही, आणि कारण पुन्हा तेच: फौज किती ठेवावयाची आणि तिच्या खर्चाची मंजुरी कोणी द्यावयाची. १६५८ साली तो मरण पावला, आणि दोन वर्षांतच लोकांनी मोठ्या आनंदाने मृत राजाच्या मुलाला परत बोलाविले.

या दुसऱ्या चार्ल्सशी आपला एक संबंध आहे. पोर्तुगालच्या राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या १६६१ सालच्या करारात त्याला मुंबईचे बेट आंदण मिळाले. ते सांभाळण्याचा खर्च त्यातून येणाऱ्या उत्पन्नाला परवडेना, तेव्हा १६६८ साली वर्षाला दहा पौंड सोन्याच्या नाममात्र खंडाने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. म्हणजे मुंबई कंपनीच्या हाती गेली तीही त्या राजकोषाच्या ओढगस्तीमुळेच. पार्लमेंटने त्याला वर्षाला बारा लक्ष पौंडांचे उत्पन्न नेमून दिले होते, पण प्रत्यक्षात पुष्कळ वर्षे तेवढे जमले नाही. उणीव भरून काढण्यासाठी तो फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा गुप्त तनखेदार झाला, आणि अखेरची चार वर्षे त्याने पार्लमेंटवाचून काढली.

१६८५ साली त्याचा भाऊ दुसरा जेम्स गादीवर येताच, राजनिष्ठेच्या भरात पार्लमेंटने साठ वर्षांपूर्वी जी खबरदारी घेतली होती तीच सोडून दिली: जकात आणि अबकारी यांचे भरघोस उत्पन्न त्याला तहहयात मंजूर केले. व्यापारही त्या वर्षांत तेजीत होता. परिणाम लवकरच दिसला. जेम्सने खडी फौज वाढविली, कायदे स्वतःच्या अधिकाराने स्थगित केले, विरोध करणाऱ्या सात बिशपांवर खटला भरला, आणि वर्ष संपण्यापूर्वीच पार्लमेंट तहकूब करून पुन्हा कधी भरविले नाही. तो कॅथलिक होता आणि प्रजा प्रॉटेस्टंट, ही गोष्ट असंतोषाचे मुख्य कारण ठरली हे खरे. परंतु त्याला हे धाडस करणे शक्य झाले ते आयुष्यभराच्या मंजुरीमुळे. १६८८ च्या जूनमध्ये त्याला पुत्र झाल्यावर कॅथलिक परंपराच चालू राहणार हे दिसले, आणि सात प्रमुख गृहस्थांनी हॉलंडच्या विल्यमला, जेम्सच्या जावयाला, पाचारण केले. ५ नोव्हेंबरला विल्यम फौजेसह टॉर्बेच्या किनाऱ्यावर उतरला. डिसेंबरात जेम्सने राज्याची मोठी मोहोर थेम्स नदीत फेकून पळ काढला. मोहोर बुडाली की पार्लमेंट बोलाविण्याचा हुकूमच निघू शकणार नाही, अशी त्याची समजूत होती. प्रतिनिधींची सभा राजाज्ञेवाचूनही भरली, हेच त्याला मिळालेले उत्तर.

फेब्रुवारी १६८९ मध्ये विल्यम आणि त्याची पत्नी मेरी यांना मुकुट देण्यापूर्वी हक्कांचा जाहीरनामा वाचून दाखविण्यात आला, आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला. राजाला कायदे स्थगित करता येणार नाहीत, संमतीवाचून कर घेता येणार नाही, शांततेच्या काळी पार्लमेंटच्या संमतीवाचून फौज ठेवता येणार नाही, आणि सभागृहातील भाषणाबद्दल कोणत्याही न्यायालयात जाब विचारता येणार नाही. ही कलमे प्रसिद्ध आहेत. माझ्या दृष्टीने मात्र खरी क्रांती झाली ती त्यांच्या शेजारी, फारसा गाजावाजा न होता. फौजेत शिस्तभंगाला शिक्षा देण्याचा अधिकार देणारा कायदा प्रथम काही महिन्यांपुरताच केला गेला, आणि मग बहुधा वर्षावर्षाने वाढवून देण्याची प्रथा पडली. जकातीचे उत्पन्न विल्यमला हयातीपुरते नव्हे, तर १६९० साली केवळ चार वर्षांपुरते मिळाले. आपण ज्यांची सुटका केली तेच आपल्यावर अविश्वास दाखवितात याचे त्याला मनस्वी दुःख झाले. परंतु अविश्वास त्या माणसावर नव्हता, आसनावर होता. पुढे फ्रान्सशी दीर्घ युद्ध जुंपले, १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड स्थापन होऊन तिने सरकारला बारा लक्ष पौंड कर्ज दिले, आणि त्या कर्जाच्या व्याजाला पार्लमेंटच्या करांची हमी लागली. १६८९ पासून पार्लमेंट भरले नाही असे एकही वर्ष गेलेले नाही.

उरलेली वाट लांब असली तरी उताराची होती. १७०१ च्या कायद्याने न्यायाधीशांना राजाच्या मर्जीपासून मुक्त केले. १७०८ साली ॲन राणीने एक विधेयक नामंजूर केले. तो नकाराधिकाराचा अखेरचा वापर. १७६० साली तिसऱ्या जॉर्जने वंशपरंपरागत उत्पन्न सोडून देऊन वर्षाला आठ लक्ष पौंडांची नेमणूक पत्करली. तरीही राजाचे वजन एकदम सरले नाही. १७८३ साली, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार पार्लमेंटने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती देणारे फॉक्सचे विधेयक जॉर्जने लॉर्ड्स सभेत आपला शब्द टाकून पाडविले, मंत्रिमंडळ काढून टाकले आणि चोवीस वर्षांच्या पिटला मुख्य मंत्री केले. पुढच्या निवडणुकीत मतदारांनी पिटला उचलून धरले म्हणून ते निभावले. १८३४ साली चौथ्या विल्यमने मुख्य मंत्री मेलबर्नला दूर करून पीलला आणले, तेव्हा मतदारांनी पीलला बहुमत दिले नाही, आणि काही महिन्यांतच मेलबर्न परतला. त्यानंतर कोणत्याही राजाने बहुमताच्या मंत्र्याला दूर केलेले नाही.

ज्या पार्लमेंटने हे सर्व मिळविले ते लोकांचे पार्लमेंट नव्हते, हे विसरून चालणार नाही. ओल्ड सॅरम या निर्जन टेकडीला दोन प्रतिनिधी होते आणि मँचेस्टरला एकही नव्हता, ही स्थिती १८३२ पर्यंत टिकली. संमतीवाचून कर नाही हे तत्त्व राजाकडून मान्य करवून घेणाऱ्या सभेने तेच तत्त्व अमेरिकेतील वसाहतींना नाकारले, आणि हिंदुस्थानाला तर ते लागू आहे असे तिच्या मनातही आले नाही. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, आणि दरसाल उरणारी शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून गरीब रयतेकडून गरजेहून अधिक कर घेतला जात असल्याचा पुरावा आहे, हे आकड्यांनिशी दाखविले. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या या प्राध्यापकाच्या तर्काला सरकारपक्षाकडे समर्पक उत्तर नव्हते. १९०३ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आलाही. परंतु ती सरकारची मेहेरबानी होती. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. म्हणजे मुदत ठरविणे दूरच, संमती देण्याचाही हक्क नव्हता. १९१९ च्या सुधारणांनी मत मिळाले, आणि १९२३ साली मध्यवर्ती असेंब्लीने मिठावरील कर दुप्पट करण्याचा प्रस्ताव फेटाळताच व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी तो स्वतःच्या विशेषाधिकाराने अंमलात आणला. तो विशेषाधिकार १९४७ साली गेला. १९५० च्या राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदाने कायद्याच्या आधारावाचून कर बसविण्यास वा वसूल करण्यास मनाई केली, आणि खर्चाच्या मागण्या दरसाल लोकसभेपुढे मतासाठी ठेवण्याचे बंधन शासनावर घातले गेले.